पैसा सरकारचा, मग हिशोब फक्त शाळेनेच का द्यायचा?

नेवार्क, कॅम्डेन, पॅटर्सन असल्या न्यू जर्सीतल्या गरीब शहरांच्या शाळांचं नाव निघालं की एडिसन-प्लेन्सबरोकडच्या आपल्या मराठी मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं, "टॅक्स आम्ही भरायचा आणि पैसा तिकडे जाऊन गडप व्हायचा." आणि लगेच पुढचं, की सरकारने सरळ आपला माणूस बसवावा तिथे, त्याच्या सहीशिवाय एक चेक बाहेर जाता कामा नये. आता गंमत अशी की असा माणूस, त्याला मॉनिटर म्हणतात, बसवायची सोय न्यू जर्सीत कायद्यानेच आहे, २००६ पासून आहे, आणि त्याच्याही आधी सरकारने अख्ख्या शाळाच ताब्यात घेऊन बघितल्यात. म्हणजे प्रयोग करून झालाय, चांगली तीस-पस्तीस वर्षं झालाय, त्याचा निकाल काय लागला हे मात्र कोणी बघत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. देखरेख हवी, कडक हवी, पण पैसे घेणाऱ्यावर जेवढी तेवढीच देणाऱ्यावरही हवी, कारण या राज्यातल्या शाळांची जी बजेटं बुडाली त्यातली बरीचशी ट्रेंटनमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत बसून बुडवलेली आहेत.

मुळात हा पैसा तिकडे जातो तरी का? घराच्या टॅक्सचं बिल एकदा नीट उघडून बघा, बहुतेक जण फक्त खालचा आकडा बघून शिव्या घालतात. त्यात काउंटी, म्युनिसिपल आणि स्कूल अशा वेगवेगळ्या ओळी असतात आणि बहुतेक गावांत निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या स्कूलच्या ओळीत असते. म्हणजे शाळा चालतात मुख्यतः घरांच्या किमतीवर. जिथे घरं महाग तिथे थोड्या टक्क्यांत भरपूर पैसा, जिथे कारखाने बंद पडले आणि घरं ओस पडली तिथे लोकांनी जास्त दराने टॅक्स भरूनही शाळेत गळकं छप्पर. राज्यघटनेत १८७५ पासून लिहिलंय की सगळ्या मुलांना परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शिक्षण द्यायची जबाबदारी राज्याची आहे, गावाची नाही, आणि त्यावरून १९७३ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे असं चालणार नाही. आमदार ढिम्म हलेनात तेव्हा कोर्टाने १९७६ च्या जुलैमध्ये शाळांचा खर्चच थांबवला, कुलूपच लावलं म्हणा ना, आणि मग आठवड्याभरात राज्याचा इन्कम टॅक्स आला. आपल्या पे-स्लिपवर न्यू जर्सीच्या नावाने जी कपात दिसते ना, तिचा जन्म हा असा आहे. पुढे १९८१ मध्ये अ‍ॅबट विरुद्ध बर्क ही केस उभी राहिली, १९९० मध्ये तिचा मोठा निकाल आला आणि शेवटी ३१ गरीब डिस्ट्रिक्टना (एका गावच्या सगळ्या पब्लिक शाळा मिळून एक डिस्ट्रिक्ट) श्रीमंत गावांच्या बरोबरीने पैसे द्यायचं ठरलं. थोडक्यात ही मदत म्हणजे ट्रेंटनची कृपा नाही, ते कोर्टाने वसूल केलेलं देणं आहे. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

बरं, देणं असलं म्हणून हिशोब नको का? हवाच. मी काही भाबडी नाही. ज्या शाळेचा बहुतेक खर्च राज्याच्या तिजोरीतून येतो तिथे स्थानिक लोकांना त्या पैशाचं दुखत नाही, स्वतःच्या खिशातून गेलेला पैसा माणूस ज्या डोळ्यांनी बघतो तसं इथे कोणी बघत नाही. नव्वदच्या दशकात नेवार्कच्या शाळांची चौकशी झाली तेव्हा एकीकडे पडक्या वर्गखोल्या आणि दुसरीकडे शाळा चालवणाऱ्या स्थानिक बोर्डाच्या लोकांच्या गाड्या आणि दौरे असलंच चित्र बाहेर आलं होतं. नोकऱ्या कोणाला, तर ज्याने निवडणुकीत काम केलं त्याला. आपल्याला यात नवीन काय आहे? आपल्यातले निम्मे लोक अनुदानित शाळांत शिकले, पगार सरकारचा आणि शाळा संस्थाचालकांची, म्हणजे मास्तरची नेमणूक कोणाच्या घरातून होणार हे आख्ख्या तालुक्याला माहीत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून मोजायची वेळ आली, कारण तीच पोरं या शाळेतून त्या शाळेत नेऊन दोनदा दाखवायचे, आणि पटावरची लाखो नावं जागेवर सापडलीच नाहीत. त्यामुळे "स्थानिक लोकांवर विश्वास ठेवा, सगळं छान होईल" असं मला कोणी सांगू नये.

पण मग "सरकारवर विश्वास ठेवा" हे तरी कुठून आलं? नागपूरचं शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी पगारासाठी लागणाऱ्या आयडीचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं, अपात्र लोकांना बोगस आयडी देऊन सरकारी तिजोरीतून पगार चालू होते, आणि अटक झालेल्यांमध्ये कोण, तर हे तपासायचं ज्यांचं काम त्या शिक्षण खात्याचेच अधिकारी. कुंपणानेच शेत खाल्लं. न्यू जर्सीची कथा एवढी फिल्मी नाही, पण वळण तेच आहे.

१९८९ मध्ये जर्सी सिटीच्या शाळा राज्याने ताब्यात घेतल्या, अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं. १९९१ मध्ये पॅटर्सन, १९९५ मध्ये नेवार्क, २०१३ मध्ये कॅम्डेन. स्थानिक बोर्ड नावापुरतं, सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी, ट्रेंटनचा. तेव्हा काय सांगितलं होतं, काही वर्षांत घडी बसवून परत देऊ. नेवार्कला शाळा परत मिळाल्या २०१८ मध्ये. जर्सी सिटीला पूर्ण ताबा मिळाला २०२२ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, ज्या पोरांसाठी हे केलं त्यांची पोरं शाळेतून बाहेर पडली तोवर. बरं, या काळात पैशाला तरी शिस्त लागली का? नेवार्कमध्ये राज्याचा माणूस बसून चार-पाच वर्षं झाली आणि कळलं की साठ-सत्तर मिलियन डॉलरचा खड्डा पडलाय. स्थानिक बोर्डाने नाही पाडलेला, राज्याच्या नाकाखाली पडलेला. त्या खड्ड्यासाठी मात्र ट्रेंटनवर कोणी मॉनिटर बसवल्याचं ऐकिवात नाही.

आणि बांधकामाचं तर विचारूच नका. कोर्टाने सांगितलं गरीब डिस्ट्रिक्टमधल्या पडक्या शाळा नव्या बांधा, म्हणून २००० मध्ये ८.६ बिलियन डॉलरचा कायदा झाला, त्यातले ६ बिलियन त्या अ‍ॅबट केसमधल्या गरीब डिस्ट्रिक्टसाठी. काम कोणाकडे? डिस्ट्रिक्टकडे नाही दिलं, त्यांना कुठे व्यवहार कळतो, राज्याने स्वतःचं कन्स्ट्रक्शन कॉर्पोरेशन काढलं. पाच वर्षांत पैसे संपले, यादीतल्या कितीतरी शाळा कागदावरच राहिल्या, राज्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने उधळपट्टीवर ताशेरे ओढले, आणि २००७ मध्ये ते कॉर्पोरेशन गुंडाळून त्याच जागी नव्या नावाची अथॉरिटी आली. सहा बिलियन हो! नेवार्कच्या जुन्या बोर्डाने जन्मभर गाड्या उडवल्या असत्या तरी त्यांना एवढं जमलं नसतं.

आता त्या मॉनिटरबद्दल. टेकओव्हरची बदनामी व्हायला लागल्यावर २००६ मध्ये हा मधला मार्ग आला. ऑडिटमध्ये ठराविक गोष्टी सापडल्या, म्हणजे वर्ष तुटीत संपलं, ऑडिटरने नीट शेरा दिला नाही वगैरे, की राज्याचा शिक्षण कमिशनर त्या डिस्ट्रिक्टवर मॉनिटर नेमू शकतो. हा माणूस सगळ्या खर्चावर लक्ष ठेवतो, बोर्डाच्या बंद दाराआडच्या बैठकीतही बसतो, आणि बोर्डाने केलेला ठराव किंवा सुपरिंटेंडंटचा निर्णय त्याला पटला नाही तर तो फिरवू शकतो. म्हणजे नऊ लोक निवडून आलेले, त्यांनी हात वर करून मत दिलं, आणि एकाने सांगितलं नाही, की विषय संपला. त्याचा रिपोर्ट जातो कमिशनरला. आणि पगार? पगार ठरवतो कमिशनर आणि देतो डिस्ट्रिक्ट, तुटीत असलेला तोच डिस्ट्रिक्ट.

मी असंही म्हणणार नाही की मॉनिटर कामाचाच नाही. एखाद्या बोर्डात सगळे एकमेकांचे मेव्हणे-भाचे असतील तर तिथे "नाही" म्हणणारा एक परका माणूस लागतोच, गावातल्या कोणाला तो वाईटपणा घेता येत नाही. नको ते कॉन्ट्रॅक्ट अडवणं, ओव्हरटाइम तपासणं, गरज नसताना निर्माण केलेली पदं बंद करणं, यात तो उपयोगी पडतो. पण तो बघतो फक्त खर्चाची बाजू. पैसा आत किती येतो, का कमी येतो, हे बघायचा त्याला अधिकार नाही आणि खरं तर सोयही नाही, कारण त्याला नेमणाराच तो पैसा देणारा आहे. साहेबाचंच चुकलं असं साहेबाने नेमलेला माणूस रिपोर्टात लिहील का?

जर्सी सिटीचंच घ्या, आपल्यातले कितीतरी जण तिथे न्यूपोर्टला नाहीतर जर्नल स्क्वेअरला राहतात किंवा राहून गेलेत. हडसनच्या काठाने ते जे काचेचे टॉवर उभे राहिले, त्यातल्या बऱ्याच बिल्डिंगा नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स भरतच नाहीत, त्यांचा शहराशी वेगळा करार असतो, टॅक्सऐवजी ठराविक रक्कम, वीस-वीस तीस-तीस वर्षांसाठी. त्या रकमेतले ९५ टक्के शहराला, ५ टक्के काउंटीला आणि शाळांना शून्य. सेंट नाही. आणि या बिल्डिंगा टॅक्सच्या हिशोबात धरल्याच जात नसल्याने कोणाला किती मदत द्यायची हे ठरवणाऱ्या राज्याच्या फॉर्म्युल्यात शहर होतं त्यापेक्षा गरीब दिसायचं, म्हणून राज्याकडून मदत जास्त यायची, एका काळात वर्षाला चारशे मिलियनच्या वर. म्हणजे एडिसनवाल्याचा इन्कम टॅक्स मॅनहॅटनचा व्ह्यू असलेल्या फ्लॅटच्या सवलतीला पुरत होता! यात शाळेच्या बोर्डाचा दोष काय? करार केले महापौर आणि काउन्सिलने, ते करायची मुभा दिली ट्रेंटनच्या कायद्याने, आणि या सगळ्या वर्षांत शाळांवर राज्याची देखरेख चालूच होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि आंधळ्याच्या शेजारी चष्मा घातलेला इन्स्पेक्टर बसलाय, त्याचं काम फक्त जात्याचा आवाज मोजायचं.

मग २०१८ मध्ये राज्याला जाग आली. कायदा झाला की ज्या डिस्ट्रिक्टना फॉर्म्युल्यापेक्षा जास्त मदत जाते त्यांची सात वर्षांत कापायची. तत्त्व म्हणून मला हे चूक वाटत नाही, जर्सी सिटीने आपला वाटा उचलायलाच हवा होता. पण सवय लावली तीस वर्षं आणि सोडवायची सातात, त्यात मध्ये कोविड. शहराने कंपन्यांवर १ टक्का पेरोल टॅक्स लावला, तो पुरला नाही, २०२२ मध्ये घरमालकांची बिलं एकदम वाढली, आणि कोणाच्या नावाने बोंब मारली? शाळेच्या. टॉवरचे करार करणारे मजेत.

न्यू जर्सीतल्याच टॉम्स रिव्हरसारख्या डिस्ट्रिक्टची तर वेगळीच पंचाईत. मदत कापली राज्याने, आणि स्थानिक टॅक्स वाढवून भरून काढावं म्हटलं तर २ टक्क्यांच्या वर वाढवायला एरवी लोकांचं मतदान लागतं, तो कायदाही राज्याचाच. दोन्ही बाजूंनी दार बंद करून आत कोंडलेल्याला विचारायचं, घुसमटतोस का रे?

आणि इतकं होऊन डिस्ट्रिक्ट बुडायला लागला की राज्य काय करतं, तर पुढच्या मदतीतून आगाऊ रक्कम देतं. कर्जच ते. फेड दहा वर्षांपर्यंत, आणि ती येणाऱ्या मदतीतूनच परस्पर कापून घेतली जाते, शिवाय कर्ज घेतलं म्हणून मॉनिटर आलाच. बीडकडच्या ऊसतोड कामगाराला मुकादम उचल देतो ना, तस्साच हा प्रकार. आधी मजुरी अशी ठरवायची की भागणार नाही, मग उचल द्यायची, मग ती पुढच्या मजुरीतून कापायची म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा उचल. आणि वर मुकादमानेच सांगायचं की या लोकांना पैसा सांभाळता येत नाही.

न्यू जर्सीतल्या लेकवुडला हे तंतोतंत घडलंय. तिथे पब्लिक शाळांत साधारण पाच हजार मुलं, बहुतेक लॅटिनो घरांतली, आणि प्रायव्हेट धार्मिक शाळांत जाणारी मुलं त्याच्या कितीतरी पट. राज्याचा फॉर्म्युला मदत मोजतो फक्त पब्लिक शाळेतल्या डोक्यांवर. पण राज्याचाच कायदा सांगतो की प्रायव्हेट शाळेतल्या मुलांच्या बसची आणि स्पेशल एज्युकेशनची जबाबदारी डिस्ट्रिक्टची. याच्यात कोणाच्या धर्माचा प्रश्न नाही, साधा गुणाकार आहे, उत्पन्न पाच हजारांचं आणि खर्च पन्नास हजारांच्या गावाचा. २०१४ पासून तिथे मॉनिटर आहे. त्याच्या नजरेखाली वर्षानुवर्षं कर्जावर कर्ज चढलं, शंभर मिलियन कधीच मागे पडले. २०२३ मध्ये अपील कोर्टानेही म्हटलं की इथल्या पब्लिक शाळेतल्या मुलांना घटनेने सांगितलेलं शिक्षण मिळत नाहीये. दहा वर्षांत त्या मॉनिटरने झेरॉक्सच्या कागदाचा हिशोब चोख ठेवला असेलही, पण ज्या गणितात उत्तरच निघत नाही ते सोडवायला त्याला बसवलंय आणि गणित घालणारा मोकळा.

हे फक्त आमच्याच राज्यात आहे असंही नाही. मिशिगनने डेट्रॉइटच्या शाळांवर २००९ पासून एकामागून एक इमर्जन्सी मॅनेजर बसवले, सगळे अधिकार त्यांना दिले, आणि २०१६ मध्ये शेवटी राज्यालाच ६१७ मिलियन डॉलर ओतून शाळा वाचवाव्या लागल्या. उलट कॅलिफोर्नियाने थोडं डोकं लावलं. तिथे १९९१ च्या एका कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टला वर्षातून दोनदा सांगावं लागतं की चालू वर्ष आणि पुढची दोन वर्षं आपले पैसे पुरतील का, काउंटी ते तपासते, आणि लक्षण दिसलं की आधीच एक तज्ज्ञ टीम जाऊन बसते. म्हणजे ताप आल्या आल्या डॉक्टर. तरीही ऑकलंड सुटलं नाही, २००३ मध्ये राज्याने १०० मिलियनचं कर्ज मंजूर केलं, सोबत आपला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बसवला, आणि त्या कर्जाची फेड संपायला २०२५ उजाडलं. पण निदान तिथे हिशोब पुढचा बघतात. न्यू जर्सीत गव्हर्नरचं बजेट साधारण फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये येतं, तेव्हा कुठे डिस्ट्रिक्टला कळतं यंदा किती मिळणार, आणि मग जेमतेम तीन-चार आठवड्यांत कच्चं बजेट उभं करायचं. मार्चमध्ये कळतं की दहा मिलियन कमी येणार, तर सप्टेंबरसाठी कोणाला काढायचं? सगळ्यात नवीन मास्तरला, लायब्ररीवाल्या बाईंना, बँडच्या सरांना. याला नियोजनाचा अभाव म्हणायचं तर कोणाच्या?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. मॉनिटर ठेवा, पण कमिशनरचा नोकर म्हणून नको. सरकारी खर्च तपासणाऱ्या राज्याच्या कंट्रोलरसारख्या वेगळ्या कार्यालयाने त्याला नेमावं, पगार राज्याने द्यावा, आणि त्याच्या पहिल्या रिपोर्टात तुटीची फोड असावी, म्हणजे एवढे पैसे डिस्ट्रिक्टच्या गैरकारभाराने गेले, एवढे राज्याच्या फॉर्म्युल्याने कमी आले, एवढे शहराच्या टॅक्स करारांमुळे शाळेपर्यंत पोचलेच नाहीत. आकडे मांडून, सगळ्यांसमोर. पहिल्या भागासाठी बोर्डाचे हात बांधा, माझी ना नाही. पण दुसऱ्या भागावर ट्रेंटनने अमुक महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं, आणि तो भाग कर्ज म्हणून शाळेच्या बोकांडी बसवायचा नाही. आणि मॉनिटरला मुदत. तीन वर्षांत तूट हटली नाही तर आधी तपासायचं की रोग दुसरीकडे तर नाही ना, उगाच तोच माणूस दहा वर्षं बसवून ठेवायचा नाही.

यावर कोणी म्हणेल की अशाने बोर्डाला आयतं निमित्त मिळेल, स्वतःची चोरी फॉर्म्युल्याच्या नावावर खपवतील. खपवायला बघतील, नक्कीच. पण आज काय होतंय? आज फोडच नसल्यामुळे चोर आणि साव एकाच ओळीत उभे आहेत, ज्याने मेव्हण्याला कॉन्ट्रॅक्ट दिलं तोही म्हणतो राज्याने पैसे कापले, आणि ज्याचे खरंच कापले त्याला कोणी विचारत नाही. दुसरा आक्षेप, की शेवटी पैसा राज्याचा म्हणजे अटी राज्याच्या. हा आक्षेप मला मान्य झाला असता जर तो सगळ्यांना लागू असता. मदत तर श्रीमंत गावांनाही जाते, त्यांच्या शिक्षकांच्या पेन्शनमध्ये राज्य भर घालतं, तो पैसा कोणी मदत म्हणून मोजत नाही आणि त्यापायी कोणाच्या बोर्डाचं मत कोणी फिरवत नाही. मत फिरवलं जातं ते बहुतेक वेळा त्याच शहरांमध्ये, जिथले लोक गरीब आहेत आणि बहुतेक काळे किंवा लॅटिनो आहेत.

कायद्यात एक चांगली गोष्ट आधीपासून आहे, ती कोणी वापरत नाही. मॉनिटरने दर तीन महिन्यांनी बोर्डासोबत बसून ही वेळ का आली ते बोलायचं आणि दर महिन्याला बोर्डाच्या नेहमीच्या बैठकीत लोकांसमोर रिपोर्ट द्यायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. जर्सी सिटी असो की दुसरं कुठलं गाव, आपल्या डिस्ट्रिक्टला मॉनिटर असेल तर त्या बैठकीची तारीख मागून घ्या. नसेल तर एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला प्रत्येक डिस्ट्रिक्टची बजेटवर जाहीर सुनावणी असते, तिथे जा. आणि "आमचा टॅक्स कुठे जातो" असं मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर मिळतं. विचारा, की आपल्या गावात किती बिल्डिंगा शाळेचा टॅक्स भरत नाहीत, त्यांचे करार कधी संपतात, आणि फॉर्म्युल्याप्रमाणे राज्याकडून यायला हवे होते त्यातले यंदा किती आले.